‘आमच्यात असंच असतं’ म्हणजे नक्की कुणात?

प्रश्न विचारणारीचं वय २९. माहेर आणि सासर दोन्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, नोकरी पणजीला, लग्नाला पावणेदोन वर्षं झालेली. सासूबाई म्हणतात, ‘आमच्यात वर्षभरात पाळणा हलतो.’ ऑफिसात शेजारी बसणारी सासष्टीची ख्रिश्चन मैत्रीण चौतिसाव्या वर्षी पहिलटकरीण झाली, तेव्हा तिच्या घरी कुणी काही बोललं नाही. घरी भांडी घासायला येणारी कानडी मुलगी विशीतली आहे आणि तिला दोन मुलं आहेत. म्हणून प्रश्न असा: वेगवेगळ्या समाजांतल्या बायकांची शरीरंच वेगळी असतात का? आणि आमच्या समाजासाठी पहिल्या मुलाचं योग्य वय कोणतं?

बाई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मी फोंड्यात अठ्ठावीस वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. त्याआधीची काही वर्षं सत्तरीत सरकारी नोकरीत काढली. ‘आमच्यात असंच असतं’ हे वाक्य मी रोज ऐकते. ते भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरात ऐकलं आहे, गावड्यांच्या वाड्यावर ऐकलं आहे आणि बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीतही ऐकलं आहे. प्रत्येकाचं ‘असंच’ वेगळं असतं आणि प्रत्येकाला ते अनादी काळापासून चालत आलंय असंच वाटत असतं.

आधी थोडक्यात सांगते. गोव्यातल्या एका समाजातल्या बाईचं अंडाशय दुसऱ्या समाजातल्या बाईपेक्षा वेगळ्या गतीने म्हातारं होतं, असं मला इतक्या वर्षांत कधी दिसलं नाही. वेगळं असतं ते घर, नवऱ्याची नोकरी, शाळेचं अंतर आणि बाळंतपणात पाठीशी उभं राहणारं माणूस. या चार गोष्टी बदलल्या की ‘आमच्यात’ची व्याख्या एका पिढीत बदलते.

हे मला पुस्तकाआधी माझ्या घरानेच शिकवलं. माझ्या आजीचं लग्न तेराव्या वर्षी झालं. तो पोर्तुगीज अमदानीचा काळ. ब्रिटिश हिंदुस्थानात बालविवाह रोखणारा १९२९ चा शारदा कायदा झाला होता, पण तो सीमेपलीकडे. आमच्याकडे त्याचा अंमल नव्हता. पंधराव्या वर्षी आजीला पहिलं मूल झालं आणि ते गेलं. आईचं लग्न सतराव्या वर्षी, गोवा मुक्त झाल्यानंतर पुढच्याच वर्षी. आईची सगळ्यात धाकटी बहीण तिच्याहून बारा वर्षांनी लहान. त्या बारा वर्षांत एक मोठी गोष्ट घडली. १९६३ साली दयानंद बांदोडकरांचं सरकार आलं आणि गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. आमच्या गावची शाळा एका घराच्या सोप्यावर सुरू झाली. मावशी त्या शाळेत गेली, मग चालत तीन मैल हायस्कूलला गेली, एसएससी झाली. तिचं लग्न बाविसाव्या वर्षी झालं. सख्ख्या बहिणी, एकच आई, एकच देव, एकच कूळ; दोघींच्या मध्ये फक्त एक शाळा आली. माझं लग्न सत्ताविसाव्या वर्षी झालं, आजीच्या दुपटीहून थोडं जास्तच. या तीन पिढ्यांत आमच्या घराण्याचं रक्त बदललेलं नाही.

म्हणून बहुजन समाजातल्या मुलींची लग्नं उशिरा होऊ लागली याचं श्रेय मी त्या सोप्यावरच्या शाळांना देते. मराठी की कोकणी हा वाद इथे बाजूला ठेवते. पण आईला समजणाऱ्या लिपीत, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर शाळा होती, म्हणून बापांनी मुली पाठवल्या. मुलगी दहावीपर्यंत गेली की लग्न आपसूकच चार-पाच वर्षं पुढे गेलं.

आकडे हेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पहिली फेरी १९९२-९३ ची. तेव्हाच गोव्यातल्या मुलींचं लग्नाचं सरासरी वय २५ च्या वर निघालं होतं, देशात सगळ्यात जास्त. त्याच फेरीत मध्य प्रदेशात ते साडेसतराच्या आसपास होतं. गोव्यात एका बाईला सरासरी १.९ मुलं होत होती. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हा आकडा १.३ वर आला. देशाचा आकडा २.० आहे. वयाच्या विशी ते चोविशीतल्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या गोव्यात ५.८ टक्के, देशात २३.३ टक्के. २०११ च्या जनगणनेत गोव्यात हिंदू ६६ टक्के, ख्रिश्चन २५ टक्के आणि मुसलमान ८ टक्क्यांच्या थोडे वर होते. म्हणजे उशिराची लग्नं ही फक्त ख्रिश्चनांची गोष्ट असती, तर राज्याची सरासरी एवढी हललीच नसती. तुमचाच समाज हलला आहे. तुमच्या सासूबाईंचं स्वतःचं लग्न कितव्या वर्षी झालं आणि त्यांच्या सासूचं कितव्या वर्षी, हे एकदा विचारून पाहा.

आता तुमच्या सासष्टीच्या मैत्रिणीकडे वळू. लोक सरळ म्हणतात, ‘त्यांना पोर्तुगीजांनी शिकवलं.’ यात थोडं तथ्य आहे, पण लोक समजतात तिथे नाही. जॉन हायनल या लोकसंख्याशास्त्रज्ञाने १९६५ साली एक रेषा दाखवली, सेंट पीटर्सबर्गपासून त्रिएस्तेपर्यंत. तिच्या पश्चिमेला शेकडो वर्षं बायका पंचविशीच्या आसपास लग्न करत आणि बऱ्याच जणी लग्नच करत नसत. पूर्वेला लग्नं लवकर आणि जवळजवळ सगळ्यांची. कारण म्हणून जी गोष्ट पुढे आली ती अगदी साधी: पश्चिमेकडे नवरा-बायकोने लग्न झालं की वेगळी चूल मांडायची, अशी रीत होती. चूल मांडायला पैसा साठवावा लागतो, त्यात वर्षं जातात. पूर्वेकडे सून मोठ्या घरात येई, चूल आधीच पेटलेली असे.

सासष्टी, बार्देश, तिसवाडीत ख्रिश्चनांचं नेमकं काय झालं, ते मी माझ्या म्हाताऱ्या पेशंटांकडून ऐकलं आहे. पुरुष गाव सोडून मुंबईला जात. तिथे धोबीतलावच्या बाजूला आपापल्या गावाच्या क्लबात, ज्याला ते ‘कूड’ म्हणत, राहत आणि बोटीवर नोकरी मिळायची वाट पाहत. काहीजण आफ्रिकेला गेले, पुढे आखातात. मुलगा घराला छप्पर घालून, बहिणींचं लग्न करून मगच स्वतः बोहल्यावर... त्यांच्या भाषेत ‘आल्तारापुढे’ उभा राही. तोवर तिशी येई. मुलींच्या हातात कॉन्व्हेंटचं शिक्षण होतं, त्या मास्तरणी, नर्स, टायपिस्ट झाल्या. घरात त्यांचा पगार येऊ लागला की लग्नाची घाई कमी झाली.

आणि लग्नानंतरचा उशीर? तो मी माझ्या टेबलावर बघते. तारवटीची, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्याची, बायको तपासायला येते तेव्हा हातात नवऱ्याच्या बोटीचं वेळापत्रक असतं. ‘दोतोर, घोव शिपार आसा’ (नवरा बोटीवर आहे), म्हणत ती बसते. सात-आठ महिने समुद्रावर, दोन महिने घरी. त्या दोन महिन्यांत एक आठवडा नातेवाइकांत जातो, एक आठवडा डॉक्टरी कागदपत्रांत. मूल राहायला वर्षाला बारा संधी असतात असं आपण म्हणतो, तर त्या बाईला दोन किंवा तीनच मिळतात. कॅलेंडरवर तिने लाल पेनने गोल केलेले असतात. चार वर्षं गेली की लोक म्हणतात, ‘यांच्यात उशिराच होतात मुलं.’ खरं तर ती पहिल्या सुट्टीपासून वाट बघत असते. अशा जोडप्यांना मी सांगते की नवऱ्याचं वीर्य तो बोटीवर जाण्याआधी गोठवून ठेवता येतं. कित्येकांना हे माहीतच नसतं.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे, कारण तुमच्या प्रश्नाशी तिचा सरळ संबंध आहे. वीसेक वर्षांपूर्वी एक ख्रिश्चन शिक्षिका माझ्याकडे पाळीच्या तक्रारीसाठी यायची. वय तेहतीस, लग्नाला तीन वर्षं. मी तिला मुलाबद्दल काहीही विचारलं नाही. मनात धरूनच चालले की ‘यांच्यात’ उशिराच ठरवतात. दोन वर्षांनी ती रडत म्हणाली, ‘डॉक्टर, तुम्ही कधी विचारलंच नाही.’ ती लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून प्रयत्न करत होती. तिला एंडोमेट्रिओसिस होतं, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढत होता, पाळीच्या वेदनेचं कारणही तेच होतं. मी तिच्या आडनावाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं नाही. तिची ती दोन वर्षं मी परत देऊ शकले नाही. तेव्हापासून माझ्या केसपेपरवर ‘मूल हवं आहे का, कधीपासून’ हा प्रश्न सगळ्यांसाठी छापलेला आहे.

पोर्तुगीजांनी शिकवलं असतं, तर सगळ्या ख्रिश्चनांना सारखंच शिकवलं असतं. तसं झालेलं नाही, हे गावड्यांकडे पाहिलं की कळतं. आपल्याकडचे गावडे मूळचे एकच लोक. त्यांतले काही हिंदू राहिले, काही ख्रिश्चन झाले, आणि १९२८ साली मसूरकर महाराजांच्या शुद्धीच्या वेळी त्यांतले हजारो परत हिंदू झाले, त्यांना नवहिंदू म्हणतात. एकाच मुळाच्या तीन फांद्या. २००३ साली गावडा, कुणबी आणि वेळीप यांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. सासष्टीच्या किनाऱ्यावरच्या ख्रिश्चन गावडा आजीबाई मला सांगतात की त्यांची लग्नं सोळा-सतराव्या वर्षी झाली, अगदी फोंड्याच्या हिंदू गावडा आजीबाईंसारखीच. चर्च एकच, पण भाटकाराची लेक पंचविशीत लग्न करायची आणि त्याच्या मुंडकाराची, म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याची, लेक सतराव्या वर्षी. आता दोघींच्या नाती बीएस्सी नर्सिंगला एका बाकावर बसतात आणि दोघींची लग्नं सत्ताविशी-अठ्ठाविशीत होतात. दुसरीकडे सांगे, काणकोणच्या आतल्या भागात, जिथे चौथीनंतरची शाळा लांब आणि बस दिवसातून दोनदा, तिथल्या वेळीप आणि धनगर वाड्यांवर मी अजून एकोणीस-विशीच्या पहिलटकरणी बघते. नकाशावर बसचा रस्ता आखा आणि पहिल्या बाळंतपणाची वयं मांडा, दोन्ही बरोबर चालताना दिसतील.

मुसलमानांचंही तेच. फोंडा, सत्तरीतली जुनी गोमंतकीय मुसलमान कुटुंबं आणि पंधरा वर्षांपूर्वी कामासाठी आलेली कुटुंबं यांच्यात जो फरक आहे, तो धर्माचा नाही.

उलट दिशेचाही एक बदल चालू आहे. २०१२ साली लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, मग २०१८ च्या निकालाने पुन्हा. तुमच्या डिचोलीत ट्रकवाल्या घरांची काय अवस्था झाली ते तुम्ही पाहिलं असेल. कर्जाचे हप्ते थकले, मुलांची लग्नं ठरेनात. पस्तिशी ओलांडलेले अविवाहित मुलगे आज त्या पट्ट्यात घरोघर आहेत. त्यांतल्या कुणाचं लग्न चाळिशीत झालं की त्याच्या बायकोला ‘अजून काही नाही?’ म्हणून विचारतात. वय पुरुषाचंही मोजावं लागतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आता तुमच्या घरी येणाऱ्या मुलीबद्दल बोलू. गदग, कोप्पळ, बागलकोट भागातून आलेल्या बायका माझ्याकडे खूप येतात. एकीची गोष्ट सांगते. मुलीचं वय कार्डावर एकोणीस, कडेवर एक, पोटात दुसरं. बरोबर सासू. बाळ सासूच्याच मांडीवर, तिनेच त्याला पाजलेली पेज, तिनेच टोपडं बांधलेलं. मी सासूचं वय विचारलं. अडतीस. माझ्या हाताखालची डॉक्टर त्या वर्षी अडतीसची होती आणि तिचं पहिलं मूल सहा महिन्यांचं होतं. मी त्या सासूला विचारलं, एवढी घाई का? ती म्हणाली, ‘माझ्या हाडांत जोर आहे तोवर मी नातवंडं वाढवून देते. पुढे सिमेंटच्या पाट्या वाहून कंबर गेली की कोण बघणार?’

मला त्या वेळी आर्लीन जेरोनिमस यांचा विचार आठवला. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात त्यांनी कृष्णवर्णीय बायकांच्या लवकरच्या बाळंतपणांचा अभ्यास केला आणि १९९२ साली एक मांडणी केली: गरिबी, वर्णभेद आणि कष्ट यांनी माणसाचं शरीर झिजतं, ज्यांना जास्त सोसावं लागतं ते लवकर झिजतात. अशा ठिकाणी बाई स्वतः धडधाकट असताना आणि तिची आई हाताशी असताना मूल होऊन जाणं हा अडाणीपणा नसून परिस्थितीचा हिशेब असतो. आम्हा सुशिक्षित लोकांना तो हिशेब दिसत नाही, कारण आमची आई साठीतही नातवंडं सांभाळायला खंबीर असते. त्या अडतिशीच्या सासूने तोच हिशेब मला एका वाक्यात सांगितला.

पण हिशेब समजला म्हणून मी त्याला मान डोलावत नाही. अठराच्या आतल्या मुलीचं बाळंतपण धोक्याचंच. तिचं स्वतःचं शरीर वाढत असतं. रक्त कमी, रक्तदाब आणि झटके, अपुऱ्या दिवसांचं कमी वजनाचं बाळ, हे तिच्या वाट्याला जास्त येतं. कायद्याने अशा मुलीची माहिती पोलिसांना देणं डॉक्टरला बंधनकारक आहे. त्या भीतीने घरचे तिला आठव्या महिन्यापर्यंत आणतच नाहीत, आणि ज्या तपासण्यांनी ती वाचली असती त्या राहून जातात. गर्भपाताच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितलं की मुलीची आणि तिच्या पालकांची इच्छा असेल तर डॉक्टरने कळवताना तिची ओळख उघड करायची गरज नाही. हा निकाल जास्त लोकांपर्यंत पोहोचायला हवा. तुमच्याकडे येणाऱ्या मुलीला दोन मुलं आहेत आणि ती विशीत आहे. तिला तिसरं नको असेल तर तांबी बसवायला सरकारी आरोग्य केंद्रात पैसे लागत नाहीत, एवढं तिच्या कानावर घाला. सासूसमोर नको, एकटी असताना.

गोव्याच्या कायद्यातसुद्धा बाईच्या वयाची मुदत लिहून ठेवली होती, हे फार थोड्यांना माहीत आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आपल्याकडे आली आणि मागोमाग १८८० मध्ये इथल्या हिंदूंच्या रूढींसाठी वेगळं फर्मान निघालं. त्यात हिंदू पुरुषाला ठरावीक कारणांसाठी दुसरी बायको करायची मुभा होती. पहिलं कारण: बायको पंचवीस वर्षांची होईपर्यंत एकही मूल नाही. दुसरं: ती तीस वर्षांची झाली तरी मुलगा नाही. आता हे कलम कुणी वापरत नाही. पण सत्तरीत असताना माझ्याकडे एक बाई आणली होती, वय चोवीस, लग्नाला सहा वर्षं. घरात दुसरी मुलगी बघायचं चाललं होतं. १८८० चं फर्मान त्या घरात कुणी ऐकलंही नसेल, तरी त्यांच्या मनातली मुदत बरोबर तीच होती, पंचवीस. मी म्हटलं, आधी नवऱ्याची तपासणी करू. तीन आठवडे त्यांनी टाळलं. शेवटी तो आला. त्याच्या वीर्यात शुक्रजंतू एकही नव्हता. जी जोडपी मूल होत नाही म्हणून येतात, त्यांतल्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बाईच्या कारणाबरोबर सापडतं. त्या बाईवर सहा वर्षं गावातल्या देवांना नारळ फोडायची वेळ आणली होती.

मग समाज बघायचाच नाही का? बघायचा, पण वेगळ्या गोष्टींसाठी. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक आपल्या देशात तीन-चार टक्के आहेत आणि काही समाजांत ते जास्त सापडतात. सिकलसेल हा तसाच दुसरा रक्तविकार आदिवासी समाजांत जास्त. मामाशी किंवा मामे-आतेभावाशी लग्न झालं असेल तर ते डॉक्टरला सांगायलाच हवं. आपल्याकडे सगळ्यांनाच, जात कुठलीही असो, युरोपीय लोकांपेक्षा कमी वजनावर मधुमेह होतो, म्हणून गरोदरपणात साखर तपासणं टाळू नये. आणि ज्यांना युरोपचे दाखले द्यायला आवडतात त्यांच्यासाठी: भारतीय बायकांची पाळी सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमाराला जाते, युरोप-अमेरिकेत एक्कावन्नच्या आसपास. स्पेनमधल्या बायकांशी तुलना केली तेव्हाही भारतीय बायकांचा अंडसाठा लवकर ओसरलेला दिसला. म्हणजे तिकडची अडतीस आणि इकडची अडतीस एक धरू नये. पण हा फरक भारतीय आणि युरोपीय यांच्यातला आहे. डिचोलीची हिंदू आणि सासष्टीची ख्रिश्चन या दोघी त्यात एकाच बाजूला आहेत.

शरीराचं घड्याळ सांगते. मुलगी जन्मते तेव्हा तिच्याकडे दहा-वीस लाख अंडी असतात, वयात येताना तीन-चार लाख उरतात. पंचविशी-तिशीत दर महिन्याला दिवस राहण्याची शक्यता पाचात एक, चाळिशीत विसात एक. तिथे गर्भपाताचं प्रमाणही वाढतं, तिनातली एक गर्भधारणा टिकत नाही. बाळाला डाउन सिंड्रोम (गुणसूत्रांतला जन्मजात दोष) असण्याची शक्यता तिसाव्या वर्षी साधारण ९०० त १, पस्तिसाव्या वर्षी ३५० त १, चाळिसाव्या वर्षी १०० त १. पाळी नियमित येते म्हणून अंडी चांगलीच असतील असं नाही. हा गैरसमज सुशिक्षित बायकांत जास्त आहे.

अमेरिका-कॅनडातल्या हटराइट या ख्रिश्चन पंथाच्या लोकांत कुटुंबनियोजन मुळीच नव्हतं, एकेका बाईला दहा-दहा मुलं होत. तिथेही चौतिशीनंतर ११ टक्के बायकांना पुढे मूल झालं नाही, चाळिशीनंतर ३३ टक्के बायकांना. २०१५ साली डच संशोधकांनी एक हिशेब मांडला, तो मला फार उपयोगी वाटतो. आयव्हीएफशिवाय, म्हणजे टेस्ट ट्यूबच्या उपचाराशिवाय, एक मूल ९० टक्के खात्रीने हवं असेल तर प्रयत्न बत्तिशीपर्यंत सुरू करावेत. दोन हवी असतील तर सत्ताविशीला. तीन हवी असतील तर तेविशीला. ‘योग्य वय’ विचारताना आधी ‘किती मुलं’ हे ठरवायचं असतं, ते कुणी विचारतच नाही. तुम्ही दोघांनी एकदा निवांत बसून हे बोला. एकच हवं असेल तर तुमच्याकडे अजून तीन वर्षं आहेत. दोन हवी असतील तर फार लांबवू नका.

तुम्ही प्रयत्न करताय की थांबलाय, ते प्रश्नात लिहिलेलं नाही. थांबला असाल तर आता एवढंच करा: हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, थॅलेसेमियासाठी एचपीएलसी नावाची रक्ततपासणी, रुबेलाची प्रतिकारशक्ती. रुबेलाची लस घ्यावी लागली तर त्यानंतर महिनाभर दिवस राहू देऊ नका. ठरलं की तीन महिने आधीपासून फॉलिक ॲसिडची गोळी. पाळीत पोट इतकं दुखत असेल की रजा घ्यावी लागते, तर ते ‘बाईचा जन्म’ म्हणून सोडून देऊ नका, लगेच दाखवा.

प्रयत्न करून वर्ष झालं असेल तर दोघांनी तपासून घ्या. पस्तिशीच्या पुढे असता तर सहा महिन्यांतच या म्हटलं असतं. सुरुवात नवऱ्याच्या वीर्यतपासणीपासून. ती सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सोपी, आणि नेमकी तीच टाळली जाते. तुमची सोनोग्राफी पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, नळ्यांचा एक्स-रे सातव्या ते दहाव्या दिवसात. एएमएचची रक्ततपासणी अंडी किती उरली याचा अंदाज देते, आपोआप दिवस राहतील की नाही ते सांगत नाही. तो आकडा बघून घाबरू नका. आयव्हीएफची वेळ आलीच तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, २०२३ पासून ती सोय मोफत आहे. पैशांअभावी थांबलेल्या जोडप्यांना मी आवर्जून तिकडे पाठवते.

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी भांडू नका. पहिल्या चवथीला माहेरून येणाऱ्या वज्याबरोबर (भेटीच्या सामानाबरोबर) त्यांनाही हाच प्रश्न कुणीतरी विचारला असेल आणि त्यांच्याकडे ‘अजून ठरवलं नाही’ म्हणायची सोय नव्हती. ‘आमच्यात’ ही त्यांची भाषा आहे, भीती वेगळी असते: मूल राहिलंच नाही तर काय. त्या भीतीला उत्तर देता येतं. पुढच्या वेळी तपासायला जाल तेव्हा त्यांना बरोबर न्या, बाहेर बाकावर बसवू नका, आत घ्या. मी माझ्या टेबलासमोर तीन खुर्च्या ठेवते. दोन तुमच्या दोघांसाठी, तिसरी त्यांच्यासाठी. सोनोग्राफीच्या पडद्यावर सुनेचं अंडाशय, त्यातले ते काळे ठिपके एकदा डोळ्यांनी पाहिले, की बहुतेक सासवा पहिला प्रश्न विचारतात तो सुनेबद्दल नसतोच. ‘म्हणजे आमच्या वेळी हे कुणी बघितलंच नाही?’ असं विचारतात. मग त्या आपलं पहिलं गेलेलं मूल, दुसरं अपुऱ्या दिवसांचं, कुणाला न सांगितलेलं असं बरंच काही बोलतात. तेवढा वेळ हाताशी ठेवून या.